प्रमुख पाहुणे आमचे आप्पा

पदवीदान समारंभाला प्रमुख पाहुणे कशाला लागतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पदवी विद्यापीठानं छापलेली असते, मार्क आपले असतात, सही कुलगुरूंची असते. मधे एक माणूस उभा राहून तो कागद तुमच्या हातात देतो आणि त्याआधी तासभर बोलतो. पण आमच्या दौंड-शिरूरकडं पाहुण्याशिवाय काही सुरूच होत नाही. दुकानाची फीत असो, कुस्त्यांचा आखाडा असो, अगदी दहाव्याला नदीच्या घाटावरसुद्धा माइक लागलेला असतो आणि कुणी ना कुणी पुढारी 'दोन शब्द' बोलून जातो. पिंडाला कावळा शिवो न शिवो, दोन शब्द होतातच.

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, या दोन शब्दांतले मुरलेले गडी होते. कासुर्डीला आमचा मळा. शेवंती, झेंडू, थोडी गवार-भेंडी. आप्पा आधी सरपंच होते आणि मी कॉलेजात होते तेव्हा गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. त्यांना तीन भाषणं पाठ होती: एक लग्नाचं, एक दहाव्याचं आणि एक शाळेचं. ते कडक इस्त्रीचा सदरा घालून निघाले की आई चुलीपाशी बसल्या बसल्या विचारायची, "आज कंचं हाय?" लग्नाचं असेल तर जेवण करायचं नाही, दहाव्याचं असेल तर उशिरा करायचं, एवढंच तिला ठरवायचं असायचं.

शाळेचं भाषण मला सगळ्यात जास्त पाठ होतं, कारण दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला आम्ही ते उन्हात उभं राहून ऐकलेलं. त्यात शेवटी आप्पा आवाज चढवून म्हणायचे, "पोरींनो, थांबू नका. जेवढं शिकायचं तेवढं शिका. आन् कुणी आडवं आलं, तर त्या माणसाला माझ्याकडं पाठवा. मी बघतो त्याच्याकडं." टाळ्या पडायच्या. मीही वाजवायचे. माणूस खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. माइकपुढं उभे असताना ते आप्पांना मनापासून पटत असायचं, घरी येईपर्यंत मात्र त्यांना त्याचा विसर पडलेला असायचा.

मी बारावी झाले तेव्हा गावात कॉलेज नव्हतं. जायचं तर कासुर्डीहून यवतपर्यंत माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं, तिथून रेल्वेची शटल पकडून दौंडला. आप्पांनी एकच प्रश्न विचारला, "सोबतीला कोण?" गावातली दुसरी कुठलीच मुलगी दौंडला जात नव्हती. मग आईनंच तोड काढली. माझ्या थोरल्या भावाचं वर्षापूर्वी लग्न झालं होतं. वहिनी शिरूरची, बारावी झालेली. आई म्हणाली, "हिलाबी घाला की कालिजात. दोघी संगट जातील, संगट येतील." अशी माझ्या सोबतीला म्हणून वहिनी बी.ए.ला बसली. फॉर्म भरताना क्लार्कनं तिला विचारलं, विषय कोणते घेणार? तिनं माझ्याकडं बोट दाखवलं, "हिचे असतील ते."

पहिलं वर्ष तिचं असंच गेलं. ती खरोखर माझ्यावर लक्ष ठेवायला येत होती. शटलमध्ये मला खिडकीला बसवायची आणि स्वतः कडेला बसायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का आधी तिला लागावा. पण वर्गात बसून बसून कानावर पडतंय ते ऐकायला तिनं सुरुवात केली आणि मग तिला कुणी थांबवू शकलं नाही. दुसऱ्या वर्षी पोटुशी होती तरी पेपर दिले. मुलगी झाल्यावर महिनाभर मी तिच्यासाठी नोट्स आणल्या आणि त्या वाचून तिनं मलाच समजावून सांगितल्या. निकाल लागला तेव्हा सोबतीला आलेल्या बाईला फर्स्ट क्लास आणि जिच्यासाठी ती आली होती तिला सेकंड. आई दिवसभर हसत होती. माझ्या नाकाला थोडी मिरची झोंबली, पण फार नाही. ती माझ्यापेक्षा हुशार होती हे मला शटलमध्येच कळलेलं होतं.

आता आमच्या घरातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडं सासरा सुनेशी थेट बोलत नसे. भांडण नव्हतं, राग नव्हता, रीतच तशी होती. आप्पांना चहा हवा असेल तर ते दारातून म्हणायचे, "चहा ठिवा म्हणावं." कुणी म्हणावं ते मोघम असायचं. घरात दुसरं कुणी नसलं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचे. नात झाल्यावर त्यांची चांगली सोय झाली. पाळण्यातल्या पोरीपुढं उभं राहून ते म्हणायचे, "बाळे, तुझ्या आईला सांग, मी यवतला चाललोय, जेवायला वाट बघू नगा म्हणावं." बाळी आपली अंगठा चोखत असायची. वहिनी डोक्यावरचा पदर सावरून आतून "व्हय" म्हणायची, तेही बाळीलाच. असं सगळं सुरळीत चाललेलं होतं. लग्नाला पाच वर्षं होत आली तरी त्या दोघांत समोरासमोर एक वाक्य झालेलं मला आठवत नाही.

वहिनीला बी.एड. करायचं होतं. बी.एड.चं कॉलेज शिरूरला होतं, आणि शिरूर तिचं माहेर. मार्केट यार्डाच्या मागं तिच्या वडिलांचं घर, तिथं राहायची सोय होती, पोरीला सांभाळायला तिची आई होती. वर्षभराचा प्रश्न. निकाल लागला तेव्हाच तिनं भावाला सांगितलं. भाऊ म्हणाला, "मी आप्पांशी बोलतो." माझा भाऊ चांगला माणूस आहे, पण त्याचं 'बोलतो' म्हणजे हवामान खात्याचा पाऊस. तो आठ-पंधरा दिवस बोलतो-बोलतो करत राहिला. शेवटी आईनंच विषय काढला. आप्पा जेवत होते. ते म्हणाले, "सून वरीसभर माहेरात ऱ्हायली तर गाव काय म्हनंल? नांदवीत न्हाईत म्हनतील. माझ्या घरची सून माघारी धाडली म्हनतील. पदवी झाली, बास झालं की." आणि भाकरीचा तुकडा मोडला. वहिनी आत तव्यापुढं होती. तिनं ऐकलं आणि पुढची भाकरी थापली.

ते वर्ष गेलं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा प्रवेश निघणार होते. त्याच्या पुढच्या वर्षी बाळी बालवाडीत जाणार, मग शाळेत. एकदा रानात फुलं तोडताना वहिनी मला म्हणाली, "यंदा झालं तर झालं. न्हाईतर मग कसलं बी.एड. अन् कसलं काय." ती रडली वगैरे नाही. तोडलेली शेवंती पाटीत टाकत राहिली. मला मात्र आप्पांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्या तांब्यात पाणी भरलं नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

अशात कॉलेजातून पत्र आलं, पदवीदान समारंभ आहे, पालकांसह यावं. आप्पांना असं पत्र म्हणजे काय विचारता. घरात एकदम दोन पदव्या, आणि त्यातली एक सुनेची, हे चारचौघांत मिरवायला त्यांना आवडत होतं. गावात त्यांनीच सांगितलं, "आमची सून पहिल्या वर्गात आली." बी.एड.ची परवानगी न देणारा माणूस आणि हे सांगताना छाती फुगवणारा माणूस एकच होता. मला तेव्हा हे ढोंग वाटायचं. आता वाटत नाही. पण तेव्हा वाटायचं.

समारंभ सकाळचा होता. पाहुणे शिरूरकडचे एक पुढारी. त्यांचं नाव छापलेली पत्रिका, त्यांच्यासाठी शाल, श्रीफळ, मानचिन्ह, फेटा, हार, सगळं टेबलावर मांडून ठेवलेलं. काळे गाऊन मोजकेच होते, त्यामुळं पाच-सहा जणींनी गाऊन घालून स्टेजच्या एका बाजूनं चढायचं, दुसऱ्या बाजूनं उतरायचं आणि खाली गाऊन काढून मागच्या मुलींकडं पाठवायचा, अशी व्यवस्था होती. प्राचार्यांनी तासभर आधीच बजावून ठेवलं होतं, "पाया पडत बसू नका, वेळ जातो."

वेळ जायला मुलींनी पाया पडण्याची गरजच नव्हती. पाहुणेच आले नाहीत. ऑफिसातून शिरूरला फोन झाला. साहेब घोडनदीच्या घाटावर दहाव्याला गेलेत, तिथून निघतीलच. मग फोन झाला, साहेब निघालेत. पुन्हा फोन झाला, साहेब रस्त्यातच एका लग्नाला थांबलेत, अक्षता टाकून निघतील. मंडपात ऊन यायला लागलं. लांबून आलेल्या पालकांची चुळबुळ सुरू झाली, कारण दुपारचं शटल चुकलं तर पुढं संध्याकाळपर्यंत काही नव्हतं.

संस्थेचे अध्यक्ष स्टेजवर होते, पण अध्यक्षांच्या हस्ते पदव्या देता येत नव्हत्या. त्यांचं अध्यक्षीय भाषण शेवटी, आणि अध्यक्षांनी स्वतःच्याच संस्थेची शाल स्वतःच्याच अंगावर कशी घ्यायची? शाल-श्रीफळ आणलंय, हार आणलाय, म्हणजे ते कुणाला तरी घातलं पाहिजे, या एका गोष्टीवर सगळे येऊन अडले होते. शेवटी सूत्रसंचालन करणारे मराठीचे सर मंडपात नजर फिरवायला लागले. आमच्याकडच्या सूत्रसंचालकांना हे बरोबर जमतं. गर्दीत कडक टोपी आणि इस्त्रीचा सदरा कुठं आहे ते त्यांना लांबून दिसतं. आप्पा पालकांच्या दुसऱ्या रांगेत बसले होते. सर माइकवर म्हणाले, "आपल्या सुदैवानं कासुर्डीचे माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन आज पालक म्हणून उपस्थित आहेत. त्यांनी प्रमुख पाहुण्यांचं स्थान भूषवावं अशी मी त्यांना विनंती करतो."

आप्पा आधी "न्हाई न्हाई" म्हणाले, तेवढं म्हणायचंच असतं. मग उठले. मी गाऊन घालून रांगेत उभी होते, माझ्या पुढं वहिनी. आडनाव एक, म्हणून नावं लागोपाठ. आप्पांना फेटा बांधला, शाल घातली, गळ्यात हार पडला. हारातली शेवंती कालची होती, हे त्यांना नक्की कळलं असणार, पण चेहऱ्यावर दिसलं नाही. मला हसू आवरेना. वहिनी मात्र एकदम कावरीबावरी झाली. तिचा हात डोक्याकडं गेला. सासरा समोर, आणि डोक्यावर पदर नाही. पदर सगळा गाऊनच्या आत. मी म्हटलं, "राहू दे गं, आज चालतंय." पण तिनं गाऊनच्या गळ्यातून हात घालून पदर ओढून वर काढला आणि डोक्यावर घेतला. मागच्या मुली हसल्या. ती काळ्या गाऊनमधून वर आलेला हिरवा काठ सारखा करत उभी राहिली.

आप्पांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी तिसरं भाषण काढलं. आधी संस्थेचं कौतुक, मग प्राचार्यांचं, मग त्या न आलेल्या साहेबांचंही. मग आवाज चढला. "पोरींनो, थांबू नका. जेवढं शिकायचं तेवढं शिका. आन् कुणी आडवं आलं, तर त्या माणसाला माझ्याकडं पाठवा. मी बघतो त्याच्याकडं." मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहिनीनंही नाही. ती मान खाली घालून ऐकत होती, वर्गात ऐकायची तशी.

पदव्या द्यायला सुरुवात झाली. फोटोला दौंडातले चाचा होते, स्टेशनाजवळ तीन पिढ्यांचं राहतं घर आणि तळमजल्यावर स्टुडिओ. चाचांचा कारभार कडक. पदवी देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं दोघांनी कागद धरून ठेवायचा, कॅमेऱ्याकडं बघायचं आणि चाचा "झालं" म्हणेपर्यंत कुणी सोडायचा नाही. रोल वाया गेलेला त्यांना खपत नसे. त्यात फ्लॅशची बॅटरी जुनी, ती भरायला वेळ घ्यायची. तोपर्यंत दोन माणसं एका कागदाची दोन टोकं धरून हसत उभी राहायची.

वहिनीचं नाव पुकारलं. सरांनी हौसेनं जोडलं, "विशेष म्हणजे या आपल्या प्रमुख पाहुण्यांच्या सूनबाई आहेत." पुन्हा टाळ्या. ती गेली. प्राचार्यांनी बजावलेलं होतं तरी वाकून आप्पांच्या पाया पडली. आप्पांनी पदवी पुढं केली, तिनं दुसरं टोक धरलं. चाचा म्हणाले, "थांबा, भरू द्या." मी पायरीच्या वरच उभी होते, दोन हातांवर. माइक लांब होता. त्यामुळं पुढचं मंडपातल्या कुणाला ऐकू गेलं नाही.

वहिनी कॅमेऱ्याकडं बघत होती. तशीच बघत ती म्हणाली, "आप्पा, मी बी.एड.ला जाऊ का?"

आप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण ते आता नुसतं ठेवलेलं होतं. ओठ फारसे न हलवता ते म्हणाले, "घरी बोलू."

"घरी तुम्ही माझ्याशी बोलत न्हाई, आप्पा."

हे ती तक्रारीच्या सुरात बोलली असती तर आप्पा रागावले असते आणि सुटले असते. ती तक्रार करत नव्हती. बाळीला ताप आहे, शटल लेट आहे, अशा सुरात ती जे होतं ते सांगत होती. आप्पांनी पहिल्यांदाच तिच्याकडं वळून पाहिलं. चाचा खेकसले, "आप्पा, हिकडं बघा की, फोटो माझा जातोय." आप्पांनी मान पुन्हा कॅमेऱ्याकडं केली. कागद दोघांच्या हातात होता. ती सोडेना, त्यांना सोडता येईना.

फ्लॅश उडाला. "झालं," चाचा म्हणाले.

आप्पांनी तरीही कागद लगेच सोडला नाही. घसा साफ केला. मग तिच्याकडं बघून, तिलाच, म्हणाले, "जा. जूनपासनं जा."

वहिनी त्या जूनमध्ये बाळीला घेऊन शिरूरला गेली. गावानं व्हायची ती चर्चा केलीच. नांदवत नाहीत म्हणाले, घटस्फोट होणार म्हणाले. आप्पा दर पंधरा दिवसांनी स्वतः एस.टी.नं शिरूरला जायचे आणि येताना मुद्दाम पाराजवळ उतरून, चार माणसांत बसून, सुनेला भेटून आलो असं सांगायचे. ती पुढं शिक्षिका झाली, अजून आहे. साहेब आले का, असं कुणी विचारेल म्हणून सांगते: आले, सगळं आवरल्यावर, आणि उरलेला एक नारळ त्यांना दिला.

पण मी स्टेजवर अजून उभी होते. वहिनी पलीकडच्या पायऱ्या उतरायला लागली आणि माझं नाव पुकारलं. मी गेले. आप्पांनी माझी पदवी उचलली, टोक माझ्या हातात दिलं. चाचा म्हणाले, "थांबा, भरू द्या." आप्पांच्या कपाळावर फेट्याखाली घाम आला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला वाटतं आयुष्यात एकदाच ते मला घाबरले. हळूच म्हणाले, "आता तुला काय पायजे?"

मला पुण्याला जाऊन एम.ए. करायचं होतं. घरात माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती, आणि मला त्यातलं एकही नको होतं. तीन वर्षं मला सोबत मिळाली होती, खिडकी मिळाली होती, मागितल्याशिवाय सगळं मिळालं होतं. मागायचं कसं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. बॅटरी भरत होती, कागद दोघांच्या हातात होता, आणि त्यांनी स्वतः होऊन विचारलं होतं.

"काही नाही, आप्पा," मी म्हणाले.

आप्पांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि माझ्याबरोबर कॅमेऱ्याकडं बघून मनापासून हसले.